देवीनं न दिलेलं शेत

आमच्या सासूबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्यांची सून झाले नव्हते. मयूरच्या मावसभावाची हळद होती, कोपर गावात, आणि मयूरने मला 'ऑफिसमधली मैत्रीण' म्हणून नेलं होतं. मी ठाणे पूर्वेची, कोपरीची; आमचं मूळ गाव राजापूरकडे. आमच्याकडे हळद म्हणजे वाटीभर हळद, शेजारच्या चार बायका आणि 'लवकर आटपा, पाणी जाईल'. इथे मांडवात अख्खं गाव लोटलं होतं. एका बाजूला बेंजो पार्टी पेटलेली, पोरं घामाघूम होऊन नाचत होती, आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वरून एका बाईचा आवाज येत होता. माईक नाही, काही नाही. पाटावर मांडी घालून बसलेली ठेंगणी बाई डोळे मिटून गात होती, आणि तिच्या शेजारची उंच, हडकुळी बाई तिची ओळ खाली पडायच्या आत उचलत होती. शेवटी बेंजोवाल्यानेच आपला आवाज कमी केला.

"ह्या कोण?" मी मयूरला विचारलं.

"आई," तो म्हणाला.

मी त्या क्षणी लग्नाचा फेरविचार केला होता, हे मयूरला अजून माहीत नाही.

तर या कमळाबाई. आमच्या गावच्या धवलारीण. इथल्या आगरी घरांत भटजी यायच्या आधी अर्धंअधिक लग्न धवलारीण लावते. मांडवाचा खांब रोवला, गा धवला. उंबराची फांदी आणली, गा धवला. हळद दळली, नवरीला तेल लावलं, प्रत्येक गोष्टीला वेगळा धवला, वेगळं गाणं. त्यात देवांना नावानिशी बोलवायचं, मग खाडीला, मग शेताच्या बांधाला, आणि मग त्या घरातून गेलेल्या माणसांना. कोणी विसरलं गेलं तर ते रुसतं, असं आई म्हणतात. यातलं काही कुठे लिहिलेलं नाही, सगळं आईंच्या डोक्यात. आणि एकटीने धवला होत नाही. एकीने टाकायचा, दुसरीने उचलायचा.

उचलणाऱ्या त्या चांगुणाकाकी, आईंची चुलत जाऊ. दोघी एकाच वर्षी एकाच घरात सुना म्हणून आल्या, एकाच चुलीवर रांधलं आणि गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं लावली. आई ठेंगण्या आणि तापट. काकी उंच आणि गार पाण्यासारख्या. आईंचं भाजीवाल्याशी भांडण, वॉचमनशी भांडण, एवढंच काय, गावदेवीशीसुद्धा भांडण. दर वर्षी जत्रेला ओटी भरायच्या आणि नारळ ठेवता ठेवता पुटपुटायच्या, "तवाचा मी इसरली नाय हां." मी नवीन असताना विचारलं होतं की देवीने काय केलं. "तुला काय करायचंय?" असं उत्तर मिळालं आणि विषय संपला.

आमचा बंगला गुलाबी आहे. गेटवर सिमेंटचे दोन हंस आहेत, त्यातल्या एकाची चोच मयूरने गाडी मागे घेताना उडवली. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी सासऱ्यांचं वरकस, दगडागवताचं रान बिल्डरकडे गेलं, त्यावर आता टॉवर उभे आहेत, आणि त्यातून हा बंगला. काकींच्या वाट्याची जमीन खाडीकडची. ती कांदळवनाच्या हद्दीत गेली. तिथे बांधता येत नाही आणि विकायला गेलं तर कुणी घेत नाही. काकी पलीकडच्या गल्लीत अजून पत्र्याच्या घरात राहतात. मुलगा राघो रिक्षा चालवतो. काकींनी कधी हात पसरला नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरानेही कधी आपणहून पुढे केला नाही. माझ्या डोळ्यांना हे खुपायचं, पण दोघी रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसून चहा पीत, एकमेकींच्या सुनांवर बोलत, तेव्हा वाटायचं की यांच्यात काही राहिलेलं नाही.

मग आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वैभवनाथ महाराज आले.

म्हणजे टीव्हीवर आले. आई पलंगावर, रिमोट हातात, आणि सकाळच्या वेळेला 'भरला कलश' नावाचा कार्यक्रम. महाराज दिसायला देखणे. रेशमी उपरणं, पांढरेशुभ्र दात, मागे सोनेरी पडदा. बोलणं असं की दुधाची साय. "तुमचा देव दरिद्री आहे का?" ते विचारत. समोरची गर्दी म्हणे, "नाही." "मग तुम्ही दरिद्री का?" गर्दी गप्प. मग महाराज पुढे झुकून हळूच सांगत, "कारण तुमच्या मनातल्या भावाच्या कलशाला भोक आहे. ज्याची श्रद्धा अखंड, त्याचं घर भरलेलं. ज्याचं घर रिकामं, त्याने स्वतःच्या मनात बघावं." त्यानंतर लगेच पडद्यावर फोन नंबर येई आणि तांब्याचा कलश फिरताना दिसे.

तो कलश कुरियरने आमच्या घरी आला. त्यात रोज अर्पण टाकायचं आणि दर पौर्णिमेला ते महाराजांच्या ट्रस्टला पाठवायचं. सोबत नियम आले. घरात फुटकं भांडं ठेवायचं नाही. उंबऱ्यावर बसायचं नाही. आणि तोंडातून 'नाही' हा शब्द काढायचा नाही, कारण त्याने लक्ष्मी माघारी फिरते. मीठ संपलं की मी म्हणायची, "आई, मीठ भरपूर येणार आहे." गॅस सिलिंडर संपला त्या दिवशी मयूरने "गॅस फार लांब गेलाय" असं सांगितलं आणि बाहेर जाऊन हसून घेतलं. सासरे, म्हणजे नाथाबाबा, मुळातच बोलत नाहीत. त्यांना हा नियम सोपा गेला.

मला हसू येत होतं तोवर ठीक होतं. आजारी माणसाला दिवस काढायला काहीतरी लागतं, असं मी स्वतःला समजावत होते. पण आई आपल्या बंगल्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागल्या. आधी त्या म्हणायच्या, "जमिनीला भाव आला." आता म्हणायला लागल्या, "देवानं दिलं, कारन आमचा भाव खरा." यातला फरक त्यांच्या लक्षात आला नव्हता. माझ्या आला होता, पण सुनेचं लक्षात येणं कुणाला हवं असतं?

एका सकाळी काकी आल्या त्या नेहमीसारख्या हसत आल्या नाहीत. राघोची पाठ गेली होती. डॉक्टरने रिक्षा बंद करायला सांगितली, त्याची मुलगी वल्लरी नुकती कुठे एका लॅबमध्ये लागलेली, घर तिच्या पगारावर. काकी मदत मागायला आल्या नव्हत्या. सांगायला आल्या होत्या, जाऊ म्हणून. मी चहा ठेवला. टीव्हीवर महाराज होते.

आई म्हणाल्या, "चांगुणे, रागवू नको. पन तुज्या भावाला भोक हाय. नायतर एकाच घरातल्या आपन दोघी, मना एवढा दिला आनि तुला कसा नाय दिला?"

काकींनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. त्या आईंकडे बघत राहिल्या, अशा की जणू समोरची बाई नीट ओळखू येत नाहीये. मग म्हणाल्या, "बरा झाला सांगलास." आणि पदर सावरून गेल्या. मी गेटपर्यंत मागे गेले, "काकी, त्यांचं मनावर घेऊ नका," असलं काहीतरी बोलले. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि चालू पडल्या. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर एकच कप जाऊ लागला.

आईंनी आठवडाभर ताठा दाखवला. मग रोज सकाळी खुर्ची गेटकडे तोंड करून ठेवायला लागल्या. "हवा येते," म्हणाल्या. हवा मागच्या दाराने येते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीनंतर वल्लरीचं लग्न ठरलं, मुलगा शहाडचा. पत्रिका द्यायला राघो आला, पाठीला पट्टा बांधून. पाणी प्यायला, पत्रिका ठेवली, गेला. आईंनी पत्रिका उलटी केली, पाकिटात बोट घालून बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"सुपारी," आई म्हणाल्या.

धवलारणीला पत्रिका देत नाहीत. घरची बाई हळदकुंकू घेऊन येते, तिला पाटावर बसवते आणि हातात सुपारी ठेवते. मग ती त्या मांडवाची होते. आईंच्या हाती पत्रिका आली होती, पाहुण्यांना देतात तशी. सुपारी शहाडकडच्या कुठल्या तरी धवलारणीला गेली होती. काकींच्या घरातला धवला, जी पोरगी आईंच्या मांडीवर खेळली तिच्या हळदीला, परकी बाई टाकणार होती. आई जेवल्या नाहीत. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या.

त्यांनी महाराजांच्या नंबरावर फोन लावला. "माझी जाऊ माझ्याशी बोलत नाय, काय करू?" पलीकडची मुलगी गोड होती. म्हणाली, अर्पण वाढवा आजी, सगळं जुळून येईल. आईंनी वाढवलं. पुढच्या पौर्णिमेला परत फोन, परत तोच सल्ला. तिसऱ्यांदा आईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही पोरगी चांगुणेला वलखत पन नाय. ती काय जुलवनार?" मी भाजी निवडत राहिले. अशा वेळी सुनेने बोलू नये, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

मग एक दिवस कार्यक्रमात एका बाईचा फोन आला. तिचं मूल आजारी होतं, रडत होती. महाराज तिला हसून म्हणाले, "माऊली, तुमच्या मनात संशय आहे. मूल तुमच्या संशयाने आजारी आहे." आईंनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. महाराजांचे ओठ हलत राहिले. "तिचा पोर तापान हाय आनि ह्यो तिलाच बोलतो," आई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत टीव्ही लावला, पण आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवला. कलशात अर्पण टाकायला विसरायला लागल्या. मी आठवण केली नाही.

आणि मग सुमित आला. महाराजांच्या ट्रस्टचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. कल्याणला महाराजांचा मोठा कार्यक्रम होता, टीव्हीवर थेट दाखवणार होते, आणि त्यात निवडक भक्तांनी आपला अनुभव सांगायचा होता. नियमित अर्पण करणाऱ्यांत आईंचं नाव वर होतं. सुमितने बंगला बघितला, हंस बघितले, झुंबर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आजी, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. आधी आम्ही गरीब होतो, मग कलश घरी आला, आणि हा बंगला झाला."

"बंगला पयला झाला," आई म्हणाल्या. "कलश मागून आला."

"क्रम महत्त्वाचा नाही आजी, भाव महत्त्वाचा."

मयूरला ठसका लागला. सुमित पुढे म्हणाला, "आणि अजून एक. तुमच्या नात्यात कोणी असं आहे का, ज्याने श्रद्धा ठेवली नाही आणि मागे राहिला? म्हणजे फरक दिसतो लोकांना. एखादा फोटो मिळाला घराचा, तर पडद्यावर दाखवता येईल."

पलीकडच्या गल्लीतला पत्रा आमच्या खिडकीतून दिसतो. आई तिकडे बघत होत्या.

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "मी सांगते तोंडानं. येते मी."

सुमित खूश होऊन गेला आणि मी भडकले. आजवर आईंसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "त्या काकींना तुम्ही हजारो लोकांसमोर उभं करणार?" आई मयूरला म्हणाल्या, "गाडी भायेर कार. मना खाडीवर ने."

आम्ही तिघं गेलो. ऊन उतरत होतं. काकींच्या शेताचा बांध अजून आहे, पण शेतात कांदळवन दाट माजलंय, आणि मागे आमच्या जुन्या रानावरचे टॉवर उभे. आई काठी टेकत बांधावर गेल्या, चिखलात बोट घालून वास घेतला. "भात कसला गोड व्हायचा इथला," म्हणाल्या. एवढंच. परतताना गाडीत त्या काहीतरी गुणगुणत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले, माझा राग गेला नव्हता.

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. नाथाबाबासुद्धा, धुतलेली टोपी घालून. मैदानावर मोठा मंडप, पंखे, पडदे, खुर्च्या भरलेल्या. डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, सगळीकडून लोक. बायका जास्त. हातात कलश घेऊन बसलेल्या, कुणाचे डोळे सुजलेले, कुणाच्या मांडीवर आजारी पोर. ही माणसं लोभी नव्हती. अडलेली होती.

आईंच्या आधी तिघांनी अनुभव सांगितले. कुणाला गाडी मिळाली होती, कुणाला दुकान. दर वेळी वाद्यवृंद झंकार करी आणि महाराज आशीर्वाद देत. मग सुमितने नाव घेतलं. आई हिरवी नऊवारी नेसून, गळ्यात सगळे दागिने घालून, काठी टेकत स्टेजवर चढल्या. माईक हातात दिला तर त्यांनी तो पळीसारखा धरला.

"मी कमळाबाय. कोपरची. माझा बंगला हाय, मोठा हाय. पन तो ह्या कलशानं दिला नाय. बंगला पयला झाला, कलश मागून आला."

मंडपात थोडं हसू पसरलं. सुमितचा चेहरा पडला. महाराज मात्र मुरलेले. गोड हसून म्हणाले, "माऊली, गुरुकृपा काळाच्या आधीही पोचते."

"पोचत असंल," आई म्हणाल्या. "मंग माझा आयका. आमच्या घरच्या वाटन्या झाल्या तवा दोन जमिनी होत्या. एक खाडीकडची. भात सोन्यासारखा, पान्यान कोलंबी, चिंबोऱ्या. दुसरी वरची, नुसता दगड आनि गवत. गावदेवीच्या पुढं तांब्यान चिठ्ठ्या टाकल्या. मी देवीला नवस बोलली. उपास केले. अनवानी चालली. म्हनलं, मना खाडीकडचा शेत दे, वरचा दगड माझ्या जावेला दे. चांगुणेनं काय मागला नाय. चिठ्ठी निंगाली. खाडीकडचा शेत चांगुणेला, आनि मना दगड."

मी मयूरकडे बघितलं. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"मी देवीकडं पाठ करून गेली. आजवर तिच्याशी भांडतंय. मंग किती वर्सांनी रस्ता आला. कागदावरची रेघ माझ्या दगडातून गेली. त्या रेघेला माझा भाव म्हाईत नव्हता. बिल्डर आला, बंगला झाला. देवीनं माझा आयकला असता, तर आज मी पत्र्याखाली असती आनि चांगुणा बंगल्यात. मी मागला ता मना मिलाला नाय, म्हनून मी पैशेवाली झाली. आथा सांगा महाराज, भोक कुनाच्या कलशाला?"

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि मग सगळीकडून कुजबुज उठली. महाराजांनी हात वर केला. सुमित पुढे आला, पण आईंनी काठी आडवी धरली.

"थांब रे पोरा, माझा संपला नाय. वाटनी झाली तवा मी रडत बसली. ही चांगुणा आली आनि काय बोलली? 'रडू नको कमळे, भात निम्मा निम्मा करू.' आनि केला. वर्सान् वर्सं केला. माझ्या पोराच्या हाडान तिचा भात हाय. आनि मी तिला सांगली, तुज्या..."

माईक बंद झाला. पुढचे शब्द नुसते ओठांवर दिसले. सुमितने कुणाला तरी खूण केली आणि वाद्यवृंद सुरू झाला, ढोलक, सिंथेसायझर, सगळं फुल्ल. मी खुर्चीतून उठले होते. नाथाबाबांनी माझा हात धरून खाली बसवलं. "थांब," म्हणाले, "तिला माईक कवा लागला?"

आईंनी माईक सुमितच्या हातात दिला, अगदी नीट, उष्टी वाटी द्यावी तसा. पदर खोचला. डोळे मिटले. आणि जो आवाज मी त्या पहिल्या हळदीत ऐकला होता, तो आवाज त्या ढोलकाच्या आणि सिंथेसायझरच्या वरून निघाला. धवला. ये गो गावदेवी, मांडवान ये. पहिली ओळ टाकली आणि थांबल्या. कारण एकटीने धवला होत नाही.

मग उजवीकडच्या रांगांतून एका म्हातारीने ओळ उचलली. कुठल्या गावची होती देव जाणे. मग तिच्या शेजारणीने. मग मागून चार जणींनी. इथल्या गावागावातल्या बायका, ज्यांनी हा धवला आपल्या हळदीत ऐकलेला, लेकीच्या हळदीत ऐकलेला, त्या एकेक करून उभ्या राहिल्या. कलश खुर्चीवर ठेवून. आई टाकत होत्या आणि अर्धा मंडप उचलत होता. ढोलकवाला आधी थांबला; बोटं ठेक्यात बसेनात म्हणून म्हणा किंवा त्याचीही आई कुठल्या तरी मांडवात गाणारी असेल म्हणून म्हणा. मग बाकीचे थांबले. वैभवनाथ महाराज सोनेरी पडद्यासमोर उभे होते, हात अजून आशीर्वादाचा, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी रडत होते. मयूर शिट्ट्या मारत होता, जे शोभत नव्हतं, पण मी अडवलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांनी कलश टाकून दिले, असं नाही झालं. काही बायका पुढच्या पौर्णिमेलाही अर्पण पाठवणार होत्याच. पण स्टेजवरून उतरताना आईंच्या भोवती जी गर्दी झाली, त्यात मघाशी आजारी पोर मांडीवर घेऊन बसलेली एक बाई होती. तिने आईंना काही विचारलं नाही. फक्त पोराला त्यांच्या पायावर घातलं, आणि आई कावल्या, "अगं माझ्या पाया काय परतंस? डॉक्टरकडं ने त्याला." "नेते," म्हणाली ती.

घरी पोचलो तर गेट उघडं होतं. ओट्यावर, आईंच्या त्या हवेशीर खुर्चीत, चांगुणाकाकी बसल्या होत्या. मांडीवर हळदकुंकवाचं ताट.

आई गाडीतून उतरल्या आणि जागीच थांबल्या. स्टेजवर हजारो लोकांपुढे जी बाई हलली नव्हती, ती आता गाडीचं दार सोडत नव्हती.

"वल्लरीनं टीव्ही लावलेला," काकी म्हणाल्या. "तू पयली ओल टाकलीस, मी उचलली. दुसरी टाकलीस, आनि तेवढ्यान मेल्यांनी तुला बंद करून तांब्याची जायरात लावली. माझा धवला घशान अरकला. म्हनलं, जाऊन पुरा करावा."

"चांगुणे, मी तुला लय वाईट बोलली."

"बोललीस."

"माफ कर."

"करीन. पयली बस."

काकींनी आमच्याच ओट्यावर आमचाच पाट मांडला. आई बसल्या. काकींनी त्यांना कुंकू लावलं आणि उजव्या हातात सुपारी ठेवली. आईंनी मूठ मिटली ती बराच वेळ उघडली नाही. शहाडच्या त्या धवलारणीचं काय केलं, हे मी नंतर विचारलं. काकी म्हणाल्या, तिला पन बोलवलंय, तीन जनींचा धवला जास्त लांब जातो.

वल्लरीचा मांडव आमच्या अंगणात पडला. ते आईंनी ठरवलं, काकी नको म्हणाल्या, तर आई म्हणाल्या, "तुजा भात निम्मा होता, माझा अंगण निम्मा." चोच उडालेल्या हंसाला झेंडूची माळ घातली. बेंजो पार्टीवाल्यांना मयूरने आधीच सांगून ठेवलं होतं की आई बसल्या की तुम्ही चहा प्यायचा.

हळदीचं पाणी कालवायला तांब्या शोधत काकी आत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी कोनाड्यातला तो कलश उचलला, उजेडाकडे धरला आणि आत डोळा लावून बघितलं.

"कमळे, याला भोक नाय ना?"

"बघ ना नीट," आई पाटावरून म्हणाल्या. "आजवर टाकला ता सगला गलून गेला."

काकी हसता हसता खाली बसल्या. मग त्यांनी कलशात पाणी ओतलं, हळद कालवली आणि नवरीपुढे ठेवला. आईंनी डोळे मिटले, गळा खाकरला आणि पहिलं बोलावणं गावदेवीला गेलं, अगदी गोड आवाजात, मागची बाकी कधी नव्हतीच अशा थाटात. काकींनी ओळ उचलली.